दिनानाथ टिपणीस यांचे एक पोते कुळीथ

शके १९४६, पौष कृष्ण प्रतिपदा, मंगळवार, अर्थात मकरसंक्रांतीचा दिवस. स्थळ अंबरनाथ पूर्व, निरंजन सहकारी गृहनिर्माण संस्थेचे फाटक. या दिवशी, या स्थळी, मंडळी एकमेकांच्या हातावर तिळगूळ ठेवण्यात गुंतलेली असताना उल्हासनगर कॅम्प दोनहून आलेल्या एका तीनचाकी टेम्पोने एक भले थोरले पोते उतरवले आणि पोत्यापाठोपाठ, टेम्पोच्या हौद्यातूनच, श्री. दिनानाथ टिपणीस उतरले. चालकाशेजारी बसायला जागा होती. परंतु वाटेत माल बदलला जाऊ नये म्हणून मालाशेजारी बसावे, हा नियम त्यांनी कारखान्यात स्टोअर्स ऑफिसर असताना स्वतःस घालून घेतला होता, आणि निवृत्तीमुळे नियम निवृत्त होत नाहीत असे त्यांचे मत होते.

पोत्यात कुळीथ होते.

"किती आणलेत?" तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून सुहासिनीबाईंनी विचारले.

"एक पोतं."

"ते दिसतंय मला. घरात आपण दोघंच आहोत, एवढंच म्हणायचं होतं."

भर रस्त्यात, टेम्पोवाल्यादेखत, तीन मजल्यांच्या अंतरावरून आहारशास्त्रावर चर्चा करणे दिनानाथांना अप्रशस्त वाटले. ती चर्चा त्यांनी जिना चढून गेल्यावर केली, आणि ती स्वयंपाक आटोपेपर्यंत पुरली.

हे पोते का आले, ते सांगणे प्राप्त आहे. इंग्रजी नववर्षाच्या पहिल्या आठवड्यात डॉक्टर राजसी प्रधान यांनी दिनानाथांच्या रक्ताचा अहवाल पाहून सांगितले होते, की साखर उंबरठ्यावर उभी आहे. रथसप्तमीला पुन्हा तपासू, तोवर आहार सुधारला तर ठीक, नाहीतर गोळ्या. सुधारलेल्या आहाराचा छापील कागदही त्यांनी दिला. त्यात ओट्स होते, बदाम होते, ऑलिव्हचे तेल होते आणि ब्लॅकबेरी नावाचे एक परदेशी फळ होते. ते फळ दिनानाथांनी भाजीवाल्याकडे मागितले, तेव्हा त्याने त्यांना मोबाइलच्या दुकानाचा पत्ता सांगितला. "हा रुग्णाचा आहार नाही," दिनानाथ म्हणाले होते, "ही जावयाची सरबराई आहे."

प्रश्न पैशाचा होता, हे उघड आहे. पण तो कुणी उघड केलेला दिनानाथांना खपत नसे. त्यांचे निवृत्तिवेतन असे होते, की ते काढायला गेल्यावर बँकेतला कारकूनच नजर खाली घाली. तरीही घरात येणारा प्रत्येक दाणा त्या वेतनातून आणि ठेवींच्या व्याजातून येई. त्यांचा मुलगा समीर सूनबाई तेजलसह बदलापुरात राहत होता, बरे कमावत होता, आणि हात पुढे करण्याची वेळ दिनानाथांवर आजवर आली नव्हती. ती येऊ नये, एवढीच या गृहस्थाची उरल्या आयुष्याकडून अपेक्षा होती.

म्हणूनच समीरने फोनवर, "बाबा, मी तुम्हा दोघांना डाएटचा डबा लावून देतो, पैसे मी भरतो," असे म्हणताच दिनानाथांच्या कानशिलांपर्यंत रक्त चढले.

"आवश्यकता नाही. मी नेहमीच्या किराण्याच्या रकमेत आम्हा दोघांना आरोग्यदायी जेवण घालून दाखवीन. रथसप्तमीला साखर उतरलेली नसेल, तर खुशाल तुझा डबा चालू कर, आणि त्या डब्याविषयी मी एक शब्द उच्चारणार नाही."

पलीकडून, फोनपासून जरा लांबून, तेजलच्या हसण्याचा आवाज आला.

"बाबा," समीर म्हणाला, "तुम्ही? एक शब्द नाही?"

"एक अक्षर नाही."

"डन," समीर म्हणाला. दिनानाथांनी 'डन' या शब्दाच्या उथळपणाविषयी बोलायला सुरुवात केली, तोवर फोन बंद झाला होता.

कारखान्यात खरेदीची जी रीत, तीच दिनानाथांनी स्वयंपाकघराला लावली: आधी गुणवत्ता, मग दर. बाजारातील यच्चयावत कडधान्ये त्यांनी या दुहेरी चाळणीतून काढली. सुहासिनीबाईंनी वालाची बाजू मांडून पाहिली. "आपल्याकडे कडधान्य म्हणजे वाल. बिरडं. तुमच्या आईंनी मला पहिल्या दिवशी तेच सोलायला बसवलं होतं." परंतु वाल दरात बाद झाले, हरभरा पोटात वायू धरतो म्हणून बाद झाला, मसूर रंगावरून बाद झाली. चाळणीवर उरले ते कुळीथ: प्रथिनांनी समृद्ध, तंतूंनी भरलेले, साखरेला प्रतिकूल आणि स्वस्त. स्पर्धेत ज्याच्याकडे कुणी पाहत नाही असा उमेदवार निवडून आणण्याचा आनंद दिनानाथांना झाला.

घाऊक घेतल्यास आणखी स्वस्त पडेल, म्हणून ते कॅम्प दोनच्या बाजारात गोविंदराम नावाच्या सिंधी व्यापाऱ्याच्या दुकानात गेले. तिथे त्यांनी खिशातून पांढरा हातरुमाल काढून गल्ल्याशेजारी अंथरला, त्यावर मूठभर कुळीथ पसरले, खडे एकीकडे केले, फुटके दाणे दुसरीकडे केले, एक दाणा दाढेखाली धरून फोडला आणि विचारले, "माल नवा आहे?"

"नवा आहे, साईं. मागच्या महिन्यातच आलाय."

"तुमच्याकडे मागच्या महिन्यात आला. शेतातून कधी निघाला?"

गोविंदरामने चष्मा काढला. "साहेब, तुम्हाला कुळीथ खायचे आहेत, की त्याच्या घरात मुलगी द्यायची आहे?"

दिनानाथांनी या विनोदाची दखल घेतली नाही. साठवणुकीतील ओलावा, किडीचे प्रकार आणि आधी आलेला माल आधी काढण्याचे महत्त्व यांवर ते एवढे तपशिलाने बोलले, की दुकानात शिरलेली दोन गिऱ्हाइके बाहेरच्या बाहेर पुढच्या दुकानात गेली. अखेर गोविंदरामने हात जोडून दर उतरवला. "घ्या साईं, जो बोला वही भाव. पण खुल्ला नाय मिळणार. पूरी बोरी उचला. आणि पुन्हा येणार असाल तर धंद्याच्या टाइमाला येऊ नका."

पूर्ण पोत्याची दिनानाथांना धास्ती नव्हती. त्यांनी आदल्याच आठवड्यात जिन्यावर उभे राहून सामूहिक खरेदीची योजना मांडली होती. दुसऱ्या मजल्यावरच्या कमळाबाई, तळमजल्यावरच्या नीलिमा आणि संस्थेचे सचिव बाळ भोईटे या तिघांनीही त्यावर, "हो हो, बघू की," असे म्हटले होते. 'बघू की' या उद्गाराला सर्व जग नकार समजते. दिनानाथ त्याला संमती समजत. आजवरच्या आयुष्यातील त्यांचे बहुतेक मनस्ताप या एका समजुतीतून निघाले होते.

तर पोते फाटकाशी उतरले, आणि पहिल्या भागीदार कमळाबाई हातात तिळगुळाची वाटी घेऊन आल्या. त्या मूळच्या राजापूरकडच्या. त्यांनी पोत्यात हात घातला, मूठभर कुळीथ नाकाशी नेले आणि पुन्हा पोत्यात सोडले.

"भावजी, हे कुळीथ नव्हेत."

"मग काय आहेत?"

"कुळीथच आहेत. पण आमच्याकडचे नव्हेत. माझा भाऊ गावाहून आणतो ना, त्याचं पिठलं चुलीवर ठेवलं की वास खालच्या वाडीत जातो."

"वहिनी, वास मोजता येत नाही. प्रथिनं मोजता येतात."

"मग तुम्ही प्रथिनं खा," असे म्हणून कमळाबाईंनी त्यांच्या हातावर तिळगुळाची वडी ठेवली आणि त्या भागीदारीतून निवृत्त झाल्या.

नीलिमाने दार अर्धवट उघडून, आपण सध्या संध्याकाळी फक्त सूप घेतो असे कळवले. उरले बाळ भोईटे. ते साताऱ्याकडचे, आणि बोलण्यापूर्वी पोटावरून हात फिरवण्याची त्यांना सवय होती.

"आयला, हे तर हुलगं! टिपणीससाहेब, आमच्याकडं हे बैलाला घालतात."

"आणि बैल किती सशक्त असतो, ते आपण पाहतोच."

"बैलाला मूळव्याध होत नाही, साहेब. हुलगं लई उष्ण. मला चालायचं नाही." एवढे बोलून भोईट्यांनी चेहरा बदलला. व्यक्ती म्हणून बोलून झाले होते. आता सचिव बोलू लागला. "आणि हे पोतं इथं जिन्याखाली ठेवता नाही यायचं. कॉमन जागा आहे. शिवाय चार घरांत वाटप म्हणजे धंदाच की. धंद्याला कमिटीची परवानगी लागते."

"मी यात एक पैसा नफा घेत नाही!"

"मग तोट्याच्या धंद्याला लागेल. अर्ज द्या तीन प्रतींत. मीटिंग महिनाअखेर आहे."

"तोवर पोतं?"

"वर न्या."

दिनानाथ पोते ओढत लिफ्टपाशी गेले. लिफ्टच्या दारावर पाटी होती: 'लिफ्टमधून अवजड माल नेण्यास सक्त मनाई आहे.' ही पाटी दोन वर्षांपूर्वी, कुणीतरी लिफ्टमधून सिमेंट नेल्यावर, स्वतः दिनानाथांनी भांडून लावून घेतली होती. 'सक्त' हा शब्दही त्यांच्याच आग्रहाने आलेला होता. भोईटे नुसते पाटीकडे पाहत उभे राहिले. सभ्य माणसाचा पाणउतारा करण्याची याहून परिणामकारक रीत दिनानाथांच्या पाहण्यात नव्हती. मग त्यांनी घरातून बादली आणली, आणि एका बादलीमागून एक अशा खेपा घालत सगळे कुळीथ तिसऱ्या मजल्यावर चढवले. प्रत्येक खेपेला वाटेत कुणीतरी तिळगूळ देई. हात गुंतलेले असल्याने तो थेट तोंडात घालावा लागे.

पोते दिवाणखान्यात, सोफ्याच्या शेजारी उभे राहिले. पाहुणे आले की नेमके त्याच्यावर बसत.

आता आरोग्यदायी जेवणाला प्रारंभ झाला. सकाळी कुळथाचे पिठले, दुपारी कुळथाची उसळ, रात्री कुळथाचे कढण. हे कडधान्य स्वस्त असले तरी स्वभावाने हट्टी आहे, हे दिनानाथांच्या चाळणीला कळले नव्हते. ते रात्रभर भिजून सकाळी जसेच्या तसे असे. कुकर शिट्ट्यांमागून शिट्ट्या देई, खालून कमळाबाई "गाडी सुटली का हो?" असे ओरडून विचारीत, आणि गॅसचा सिलिंडर नेहमीच्या मुदतीपूर्वीच रिकामा झाला. शिवाय कुळीथ एकटे येत नाहीत. त्यांना लसूण लागते, आमसूल लागते, ओले खोबरे लागते, तेलाचा हात सैल लागतो. ठरलेल्या रकमेत हा लवाजमा बसेना, तेव्हा दिनानाथांनी खोबरे बंद केले आणि तेल चमच्याने मोजून देऊ लागले. त्यानंतरचे पिठले भिंतीला रंग देण्यापूर्वी भेगांत भरतात त्या लांबीसारखे झाले.

तेही कदाचित गिळले गेले असते. परंतु दिनानाथ ताटावर बसले की कुळथाची महती सांगत. पहिल्या घासाला लोह, दुसऱ्या घासाला तंतू, तिसऱ्या घासाला मूत्रपिंडातील खडे.

"जेवताना खडे नको," सुहासिनीबाई म्हणत.

"खडे विरघळतात, असं सांगतोय मी."

"मला नाहीयेत."

"होणारही नाहीत, हाच मुद्दा आहे!"

मुद्दा सिद्ध होईपर्यंत पिठल्यावर साय धरे. सुहासिनीबाई अर्ध्या भाकरीवर उठू लागल्या. दिनानाथांचे बोलणे चौरस होई, पण जेवण अपुरे राही, आणि दुपारी चारच्या सुमारास त्यांना जी भूक लागे ती थेट तिळगुळाच्या डब्यापाशी नेऊन सोडी. यात त्यांना विसंगती दिसत नव्हती. तिळात कॅल्शियम असते, गुळात लोह असते. म्हणजे तिळगूळ हा पदार्थ नसून औषध आहे, असा निर्णय त्यांनी पहिल्याच आठवड्यात दिला होता. त्यावर अपील करायला घरात कुणी नव्हते.

पोते मात्र जागचे हलले नव्हते. बोटभरही उतरले नव्हते. अशा स्थितीत सुहासिनीबाईंचे हळदीकुंकू जवळ आले.

दरवर्षी त्या वाण म्हणून लुटायला कॅम्प दोनच्या बाजारातून छोटे डबे नाहीतर गाळण्या आणीत. यंदा त्या पिशवी घेऊन निघाल्या, तेव्हा दिनानाथ दारात उभे राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर, अनेक वर्षांपूर्वी कारखान्यातील गंजके बोल्ट भंगारवाल्याऐवजी सरकारी खात्याला विकले तेव्हाचे तेज होते.

"वाण घरात आहे."

सुहासिनीबाईंनी त्यांच्या नजरेमागून सोफ्याकडे पाहिले. "नाही हं. बायका काय म्हणतील?"

"काय म्हणतील? वाण नाकारायचं नसतं, हे तूच मला सांगितलंस. मागच्या वर्षी तू ती फुटक्या झाकणाची बरणी घेऊन आलीस, तेव्हा."

वाण नाकारायचे नसते, ही गोष्ट खरीच होती. अर्धा दिवस अबोला धरून सुहासिनीबाईंनी मान्यता दिली. दिनानाथांनी कुळीथ पाखडले, निवडले, सारख्या वजनाच्या पुड्या केल्या आणि प्रत्येक पुडीला कारखान्यातल्या नमुन्यांच्या थैल्यांना मारीत तशी दुहेरी गाठ मारली. शिवाय प्रत्येक पुडीत एक छापील चिठ्ठी घातली. तिच्यावर मालाचा प्रकार, खरेदीचे ठिकाण, भिजवण्याची रीत आणि आहारातील महत्त्व नमूद केले होते. शेवटी लिहिले होते: 'शंकासमाधानासाठी सकाळच्या वेळी भेटावे. दि. टिपणीस.'

हळदीकुंकवाच्या दिवशी रिवाजाप्रमाणे त्यांना आतल्या खोलीत बसवण्यात आले. पडद्याआडून त्यांना सारे ऐकू येत होते.

"अय्या, कुळीथ! किती वेगळं काहीतरी!"

"वेगळंच हो. मी तर पहिल्यांदाच बघतेय वाणात."

"जड आहे यंदाचं वाण," हा कमळाबाईंचा आवाज होता.

'वेगळं' हा शब्द दिनानाथांना इतका गोड लागला, की त्यांचा संयम सुटला. ते पडदा सारून बाहेर आले, भरल्या दिवाणखान्यात बायकांच्या मधोमध उभे राहिले आणि कुळीथ किती वेळ भिजवावेत, हे त्यांनी सविस्तर सांगितले. बायका पदर सावरून, मान डोलावत ऐकत राहिल्या. मसाला दुधावर साय आली. सुहासिनीबाई हातात गुलाबदाणी घेऊन भिंतीकडे पाहत होत्या. त्या संध्याकाळी पोते निम्म्याहून रिकामे झाले, आणि दिनानाथ झोपताना म्हणाले, "बघितलंस? लोकांना ज्ञान हवं असतं. देणारा मिळत नाही."

पहिली पुडी तिसऱ्या दिवशी परत आली.

सुहासिनीबाई तळमजल्यावर नीलिमाच्या हळदीकुंकवाला गेल्या होत्या. त्यांनी वाण टेबलावर ठेवले. दिनानाथांनी गाठ पाहिली.

"ही माझी गाठ आहे."

"हो."

"हे आपण नीलिमाला दिलं होतं!"

"तिनं आज मला दिलं. कुणी दिलेलं ते तिच्या लक्षात नाही राहिलं."

"आत चिठ्ठी होती!"

"चिठ्ठी काढून टाकली असेल. चिठ्ठी असती, तर विसरली नसती कुणी."

त्यानंतर कुळीथ चहू दिशांनी येऊ लागले. सुहासिनीबाईंच्या उल्हासनगरच्या मावसबहिणीकडून, बकुळाकडून, दोन पुड्या आल्या. त्या आता जरीच्या जाळीत बांधलेल्या होत्या. पलीकडच्या इमारतीतून एक आली, तिच्यावर कुणीतरी 'ऑरगॅनिक' असे चिकटवले होते. रविवारी समीर आणि तेजल बदलापूरहून आले आणि तेजलने पर्समधून एक पुडी काढून सासऱ्यांपुढे धरली.

"बाबा, रागावू नका हं. माझ्या ऑफिसातल्या मैत्रिणीकडे हळदीकुंकू होतं, तिकडे मिळालं. आत तुमची चिठ्ठी पण आहे."

"बदलापुरात?"

"तिला तिच्या नणंदेनं दिलं म्हणे. नणंद विठ्ठलवाडीला असते." तेजलने चिठ्ठी उलगडली. "कुणीतरी पेनाने खाली लिहिलंय बघा: 'हे काका कोण आहेत?'"

समीर मोठ्याने हसला. दिनानाथ हसले नाहीत. शेजारी बसून आणलेला, दाढेखाली फोडून पारखलेला, बादलीने चढवलेला तो निवडक माल अंबरनाथ, उल्हासनगर, बदलापूर या तिन्ही शहरांत हिंडत होता, आणि एवढ्या घरांतून एका घरीही त्याला कुणी पाण्यात घातले नव्हते. ते तसेच उठले आणि खाली जाऊन त्यांनी कमळाबाईंच्या दाराची बेल दाबली.

"वहिनी, सरळ विचारतो. तुम्हाला दिलेली पुडी घरात आहे का?"

"पुडी? ती गेली भावजी. दुसऱ्याच दिवशी."

"म्हणजे तुम्ही ती दुसऱ्याला दिलीत!"

"मग? वाण काय ठेवायला असतं होय? ते फिरवायचंच असतं. माझ्याकडे एक साबणदाणी आली होती, ती चार संक्रांती फिरतेय. अजून कुणाच्या न्हाणीघरात गेली नाहीये ती."

"साबणदाणीला कीड लागत नाही, वहिनी."

"म्हणून तर ती फिरते. तुमचं जरा लवकर फिरवावं लागतं." आणि दार लावण्यापूर्वी त्या म्हणाल्या, "थांबा, रिकाम्या हातानं नका जाऊ," आणि त्यांनी तिळगुळाच्या चार वड्या दिल्या.

ही या प्रकरणातील सर्वांत घातक बाब होती. परतणारी प्रत्येक पुडी आपल्याबरोबर तिळगूळ घेऊन येई, आणि प्रत्येक पुडीगणिक दिनानाथांचा संताप वाढे, आणि संतापलेल्या माणसाचा हात कुठे जातो याकडे त्याचे लक्ष नसते.

रथसप्तमीला ते दोघे दवाखान्यात गेले. डॉक्टर राजसींनी अहवाल पाहिला, पुन्हा पाहिला, आणि चष्म्यावरून दिनानाथांकडे पाहिले.

"काका, वाढलीय."

"अशक्य. प्रयोगशाळेची चूक आहे. त्यांची यंत्रं वेळच्या वेळी तपासली जातात का? मी स्वतः विचारून येतो."

"काय खात होतात?"

"कुळीथ. तिन्ही वेळा."

"आणि मधल्या वेळी?"

"मधल्या वेळी केवळ औषधी पदार्थ."

"तिळगूळ," सुहासिनीबाई म्हणाल्या. "येता-जाता."

दिनानाथांनी तिळातील कॅल्शियमविषयी तोंड उघडले. डॉक्टरांनी तोवर गोळ्यांचे नाव लिहूनही टाकले होते. बाहेर आल्यावर सुहासिनीबाईंनी समीरला फोन लावला. त्या हळू आवाजात बोलल्या, तरी 'हो, वाढलीय' हे शब्द दिनानाथांना ऐकू आले. घरापर्यंतच्या वाटेत त्यांनी रिक्षावाल्याशी भाड्यावरून वादही घातला नाही. आपल्या ताटात उद्यापासून मुलाच्या पैशाचा घास पडणार, एवढेच त्यांना दिसत होते.

दुसऱ्या दिवशी डबा आला. पहिला दिवस म्हणून समीर आणि तेजल स्वतः घेऊन आले. काळ्या प्लॅस्टिकचा, कप्पेकप्पे असलेला तो डबा तेजलने टेबलावर ठेवला आणि झाकण काढले. एका कप्प्यात काकडीचे तुकडे होते. एकात दही होते. मधल्या मोठ्या कप्प्यात, लिंबू पिळलेले, वर कोथिंबीर आणि डाळिंबाचे दाणे पेरलेले, टपोरे मोड आलेले कुळीथ होते.

दिनानाथांनी तोंड उघडले.

"बाबा," समीर म्हणाला. "एक अक्षर नाही म्हणाला होतात."

दिनानाथांनी तोंड मिटले. ज्यांनी आयुष्यात कधी वाद घातला आहे, त्यांनाच त्या क्षणाची कल्पना येईल. उभ्या हयातीत एवढा बिनतोड मुद्दा त्यांच्या वाट्याला आला नव्हता. तीन शहरांनी झिडकारलेला, बैलाचा म्हणून हिणवलेला त्यांचा उमेदवार आज मुलाच्याच पैशाने, काळ्या डब्यात बसून, त्यांच्याच टेबलावर आला होता. जिभेवर प्रस्ताव तयार होता, पूर्वपक्ष तयार होता, उत्तरपक्ष तयार होता, उपसंहारात बाळ भोईट्यांसाठी एक स्वतंत्र वाक्यही तयार होते. त्यांच्या गळ्यातून एक बारीक आवाज निघाला. तो त्यांनी खोकल्यात बुडवला. मग चमचा उचलला आणि ते खाऊ लागले.

लोह, तंतू, खडे यांचा उल्लेख झाला नाही. दिनानाथांनी एक कप्पा संपवला आणि दुसऱ्याकडे वळले. खाल्लेले त्यांना आवडले होते, हे त्यांच्या भुवयांवरून कळत होते. तेवढेही कळू नये म्हणून ते खाली पाहत होते.

सुहासिनीबाईंनी चमचाभर कुळीथ तोंडात घातले. सावकाश चावले. आणखी एक चमचा घेतला, मग डबाच आपल्या बाजूला ओढला. कितीतरी दिवसांनी त्यांनी पोटभर खाल्ले.

"लिंबू आहे," त्या म्हणाल्या. "मोड आलेत. वर जरासं मीठ. बाकी काही नाहीये यात."

त्या उठल्या. सोफ्याशेजारच्या पोत्यातून त्यांनी वाटीभर कुळीथ काढले, धुतले आणि पाण्यात घातले. तिळगुळाचा उरलेला डबा त्यांनी तेजलच्या हातात दिला. "हा तुमच्याकडे ने."

"आई, हे काय चाललंय?" समीरने विचारले.

"तुझा डबा उद्यापासून नको. आमचं आम्ही बघू."

"पण बाबांच्या साखरेचं काय?"

"गोळी घेतील. जेवण घरचंच."

दिनानाथांनी मान वर केली. मुलाकडे पाहिले, पत्नीकडे पाहिले. ते अजूनही काही बोलले नव्हते. शब्दाला जागणाऱ्या माणसाचा चेहरा असा असतो, याचा प्रत्यय समीरला बहुधा पहिल्यांदाच येत होता.

"मग इतके दिवस काय झालं होतं?" तेजलने हसत विचारले. "हेच कुळीथ होते ना घरात?"

सुहासिनीबाईंनी पातेल्यावर झाकण ठेवले आणि पदराला हात पुसले.

"कुळीथ पहिल्यापासून चांगलेच होते," त्या म्हणाल्या. "पथ्य बोलण्याचं हवं होतं."